लातूर-नांदेड, न उतरता

१२ फेब्रुवारी, एसटीत

आत्या,

लोहा गेलं आणि मी अजून सीटवरच आहे.

नमस्कार मागून लिहिते. अक्षर हलतंय ते रस्त्यामुळे. पोट शांत आहे. गेल्या वर्षी आतड्याच्या सुजेनं चाकूरलाच उतरावं लागलं होतं. परतीच्या गाडीत, सासू असून, तुम्ही माझा हात सोडला नव्हता. आज चाकूर गेलं, अहमदपूर गेलं. दर स्टँडला मी पिशवी उचलायची, परत ठेवायची. शेवटी कंडक्टर म्हणाला, "ताई, उतरायचंय का न्हाई, एकदाचं ठरवा की."

"न्हाई उतरत!" म्हटलं. इतक्या जोरात, की पुढच्या बाया वळून बघायला लागल्या.

नांदेड, संध्याकाळी

माझा भाऊ आज पीएच.डी. झाला, आत्या. हॉल भरला होता. डाळिंबाच्या रसातली द्रव्यं दिल्यावर उंदरांच्या आतड्याची सूज कशी उतरली, ते उमाशंकरने पडद्यावर दाखवलं. आधीचं आतडं लालभडक, नंतरचं फिकट. तुम्ही असता तर म्हणाला असता, "मी काय येगळं सांगून राहिले होते?"

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "म्हणजे पेशंटने रस प्यावा आणि गोळ्या सोडाव्यात?"

"नाही सर. हे उंदरांचं झालं. माणसांचं अजून बघायचंय. गोळ्या सोडायच्या नाहीत."

टाळ्या पडल्या. माझे हात उचलले गेले नाहीत.

त्याच्या या संशोधनाची बातमी पेपरात आली तेव्हा तुम्ही ती कापून फडताळाला चिकटवलीत. लिंगपूजा झाली की डाळिंब सोलायला बसायचात. मला दिलेल्या रसाच्या ग्लासावर तुमचं भस्माचं बोट उमटलेलं असायचं. दोन महिने बरे गेले. मग ऑगस्टमध्ये मी दवाखान्यात, अकरा दिवस.

गोळ्या का थांबल्या, असं डॉक्टरांनी विचारलं. शिवप्रसाद तुमच्यावरच ओरडले, "आई, पेपर वाचून तूच हिच्या गोळ्या बंद केल्यास ना?" तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी सलाईनच्या बाटलीकडे पाहिलं.

"चुकलं माझं," तुम्ही म्हणालात.

गोळ्या बंद कर, असं तुम्ही एकदाही म्हणाला नव्हतात. मीच बंद केल्या. वाटलं, आजार गेला. माझ्या पेटीत साड्यांखाली ती पाकिटं अजून आहेत. तुम्ही त्यानंतर डाळिंब हातात घेतलं नाही. मी ते रोज पाहिलं आणि गप्प राहिले.

आज सकाळी गोळी घेतली आणि साडेतीन तास बसून आले. जिंकले, आत्या. शनिवारी येते, एसटीनेच. डाळिंबं मी आणते. गोळीबरोबर घोटभर रस चालतो, डॉक्टरांना विचारलंय. सोलायला तुम्हीच बसायचं.

जिचा दोष तुम्ही अंगावर घेतलात, ती
सुकन्या

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी नवऱ्याला, शिवप्रसादांना, फोन लावून हे पत्र पहिल्यापासून वाचून दाखवलं. मग टपालपेटीत टाकलं.