तक्त्यातून गाळलेला माणूस

सेक्टर ६, भिलाई
१४ फेब्रुवारी १९६५

प्रिय दादा,

माझा लेख अखेर छापून आला. वैद्यकीय मासिकात नऊ पानं, वर माझं नाव. सोबत प्रत पाठवते आहे. इंग्रजी आणि तक्ते पाहून तू ती बाजूला ठेवशील, म्हणून आत काय आहे ते इथेच लिहिते.

तीन वर्षं मी रिव्हेट ठोकणाऱ्या कामगारांचे कान तपासले. एकूण दोनशे बारा. पाळीवर जायच्या आधी बोलवायचे, कारण कामानंतर कान आणखी बधिर सापडतो. मशीनवर बारीक सूर वाजवायचा, ऐकू आला की त्यांनी बोट वर करायचं. सुरुवातीला मला बरं वाटावं म्हणून काहीजण मशीन बंद असतानाही बोट वर करायचे! बहुतेकांचं दुखणं एकच निघालं. दोन्ही कान सारखेच उणे. बायकोचा आवाज ऐकू येतो, पण शब्द कळत नाहीत.

रसमड्याचा केवलराम मात्र या तक्त्यात बसेना. वय तीस, डावा कान जवळजवळ गेलेला, उजवा ठणठणीत. चालताना तोल जातो, असंही तो म्हणाला होता. मी ऊन लागलं असेल म्हणून मीठ-साखरेचं पाणी प्यायला सांगितलं. आमचे वरिष्ठ म्हणाले, एका माणसापायी तक्ता बिघडतो, गाळा त्याला. मी गाळला.

आठ महिन्यांनी त्याची बायको कौशल्या त्याला हाताला धरून घेऊन आली. कारखान्याच्या गोंगाटानंच कान गेला, असं मी सांगू लागले, तर ती म्हणाली, "हल्ला त दूनो कान मा जाथे, त एके ठन कान काबर गिस?" गोंगाट दोन्ही कानांत जातो, मग एकच कान का गेला? मी कापसाची बारीक वात करून त्याच्या डाव्या बुबुळाला टेकवली. पापणी हललीच नाही. कानाची नस मेंदूत शिरते तिथे त्याला गाठ झाली होती, आणि ती आता शेजारच्या नसाही दाबत होती.

मद्रासला ऑपरेशन झालं. मी सोबत गेले होते. तो वाचला, पण कान कायमचा गेला आणि तोंड एका बाजूला ओढलं गेलं. पाणी पिताना ओठातून गळतं. गाठ लहान असताना आणला असता तर बहुधा चेहरा वाचला असता, असं तिथले सर्जन म्हणाले. आता तो स्टोअरमध्ये बसून काम करतो. मी दिसले की नमस्कार करतो. कौशल्या करत नाही.

लेखाचं शेवटचं पान त्याचं आहे. मी त्याला का गाळलं, काय पाहिलं नाही, सगळं लिहिलं. स्वतःची चूक कोणी छापून घेतं का, असं वरिष्ठांनी विचारलं. मी म्हटलं, ते पान राहू द्या.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते लिहिते. दिवाळीत तारानं तुला डावीकडून तीनदा "बाबा" म्हणून हाक मारली. तू वळला नाहीस. अंगणात उतरताना भिंत धरलीस. मी विचारलं तर म्हणालास, "अवं कमल, वीस वर्षं एंजिनवर काढली, खिडकीकडचा कान हाये तो. मले काय होते?" मला सगळं माहीत असून मी ते मानलं. तुझा कान नापास झाला तर एंजिन हातून सुटेल, हे मलाही कळतं. त्यापायी तीन महिने गप्प बसले. पुढच्या मंगळवारी, तेवीसला, सकाळच्या पॅसेंजरनं पावर हाउसला उतर, मी स्टेशनवर असेन. कदाचित काहीच नसेल. पण निघालं तर मी लपवणार नाही, हे आत्ताच सांगते. तुझ्यामागे डब्यांत माणसं असतात. नाही आलास तर बुधवारी मीच डोंगरगडला येईन आणि वहिनीसमोर तुला तपासेन.

तुझीच,
कमल