सहा डझन पेल्यांबाबत माझी कबुली

मी गंगाधर शिवलिंगप्पा हत्तुरे, वय एकाहत्तर, धंदा सरबताचे दुकान, राहणार भवानी पेठ, सोलापूर. गुडघे गेले, डाव्या कानाने कमी ऐकू येते, पण डोके ठिकाणावर आहे. ज्याला शंका असेल त्याने समोर येऊन चार माणसांत विचारावे. मला कोणी भरीस घातलेले नाही. माझ्यामागे भांडणे नकोत म्हणून हे मृत्युपत्र राजीखुशीने स्वतःच्या हाताने लिहीत आहे. यापूर्वी काही लिहून ठेवले असल्यास ते रद्द समजावे.

कलम १. राहते घर मुलगा गोपाळ व मुलगी प्रभा यांना निम्मे निम्मे. मागली खोली प्रभाची, तिला ऊन सोसत नाही. पोस्टातली शिल्लक सून मालती हिला. माझ्या आजारपणात तिने एकदाही कपाळाला आठी घातली नाही. गोपाळची आठी मी पाहिली आहे, तरी घरात वाटा देतो.

कलम २. आता गोपाळने नीट वाचावे. दुकानाची जागा, बर्फ किसायचा रंधा, लिंबे पिळायचे लाकडी यंत्र, दोन बाकडी आणि सगळे काचेचे पेले मी केराबाई सिदू वाघमोडे हिला देतो. जागा माझ्या कमाईची आहे, वडिलार्जित नाही, तेव्हा तिथे कोणाचा हक्क पोचत नाही. ‘भांडी घासणारीला दुकान?’ असे गोपाळ म्हणणार. म्हणू दे.

केराबाई तेवीस वर्षे माझे पेले धुते. आमच्या मागच्या आडाचे पाणी जड. त्यात धुतलेला पेला वाळला की काचेवर पांढरट थर धरतो आणि गिऱ्हाईक पेला उजेडात धरून तोंड वाकडे करते. ही बाई पिळलेल्या लिंबाच्या साली फेकत नाही. त्या पाण्यात टाकून पेले बुडवून ठेवते. फारच थर चढला तर चिंचेचा कोळ. सोडा चिमटीभरच, जास्त घातला तर काच कायमची मंद होते असे तिचे म्हणणे. शेवटचे पाणी नळाचे. आणि पेला कधी आपोआप वाळू द्यायचा नाही. थेंब वाळला की डाग राहिला. जुन्या धोतराच्या धुवट फडक्याने लगेच पुसायचा. हे तिला कोणी शिकवले नाही. बघून बघून तिने स्वतः शोधले. शाळेची पायरी न चढलेल्या या बाईची बुद्धी मला मिळाली असती तर मी कुठल्या कुठे गेलो असतो, हे मी मनापासून लिहितो.

माझ्या दुकानाचे नाव झाले ते सरबतामुळे, असा माझा बरीच वर्षे समज होता. सरबत सगळीकडे सारखेच असते. लोक माझ्याकडे यायचे ते पेल्यांमुळे.

कलम ३. हे कलम लिहायला मला एकोणीस वर्षे लागली. सत्तावन्न सालच्या गड्ड्याच्या जत्रेसाठी मी सहा डझन नवे पेले आणले होते. गर्दीत पेले पुसायला सवड मिळेना आणि दोनच दिवसांत त्यांवर थर दिसू लागला. केराबाई म्हणाली, ‘मालक, रातभर लिंबाच्या पाण्यात ऱ्हाऊ द्या, निगंल.’ मला दम कुठला. पहाटे ती यायच्या आधी मीच मोरीवर बसलो आणि पितळ घासतात तशी विटेची भुकटी घेऊन सगळे पेले खसाखसा घासले. थर निघाला, पण काचेवर ओरखडे उठले. असे ओरखडे लिंबाने जात नाहीत, चिंचेनेही नाही. पेले कायमचे धुरकट झाले.

माझी बायको सावित्रम्मा भडकली. मी म्हणालो, केराने केले. दुपारी तिला कामावरून काढले. समोरच्या धोंडीरामने गल्लीभर केले आणि पेठेत तिला कोणी घरात घेईना. आठ महिने ती करकंबला उसाच्या फडात राबली. पुढे दुकानातले पेले पुन्हा पांढरे पडले, गिऱ्हाईक तुटले, तेव्हा मी जाऊन तिला परत आणले आणि पेठेत सांगितले की मी तिला माफ केले. हे वाक्य आठवले की आजही मला माझीच लाज वाटते. सावित्रम्मा गेली ती तिला निष्काळजी समजूनच गेली. गोपाळ आजही तसेच समजतो. पेले मी बिघडवले. केराबाई निर्दोष आहे.

कलम ४. त्या पेल्यांतला एक मी जपून ठेवला आहे. तो धोंडीरामला द्यावा. त्याने त्यात दातांची कवळी ठेवावी.

कलम ५. माझ्या मरणानंतर कलम ३ दुकानासमोर मोठ्याने वाचावे. गोपाळने वाचावे, धोंडीरामला बोलावून.

सही करण्याआधीची पुरवणी. साक्षीदार आले तेव्हा केराबाई मागे पेले पुसत होती. मला राहवले नाही. तिला बोलावले आणि त्या दोघांच्या देखत कलम ३ तिला वाचून दाखवले. तिने पदराला हात पुसले.

ती म्हणाली, ‘मला ठावं हाय की, मालक. मोरीत लाल गाळ साचला हुता. त्यो त्या दिशी मीच काढला.’

मग तेव्हाच का बोलली नाहीस, असे मी विचारले.

‘माझं कुणी खरं मानलं असतं? आन् करकंबला तुमी न्यायला आला, तवा वाटलं, आता सांगतील. मंग वाटलं, उद्या सांगतील. रोज येत व्हते की हितं.’

साक्षीला आलेल्या आबासाहेबांनी मान खाली घातली. मला पाणी मागायचे होते, पण मागितले नाही.

सबब, कलम ५ मधील ‘माझ्या मरणानंतर’ व ‘गोपाळने’ हे शब्द खोडून त्या जागी अनुक्रमे ‘उद्या सकाळी’ व ‘मी स्वतः’ असे लिहिले आहे. खाडाखोड माझ्या हातची असून मला मान्य आहे.

सही: गंगाधर शिवलिंगप्पा हत्तुरे

आमच्या समक्ष वाचून सही केली:
१. आबासाहेब माने, निवृत्त शिक्षक, भवानी पेठ
२. आप्पा म्हेत्रे, शिंपी, भवानी पेठ

सोलापूर, रविवार, ता. १४ नोव्हेंबर १९७६