नाव घातलेला कप

सोमवार, ३ फेब्रुवारी
पहिली आली ती तुळजाबाईच. पावण्यांची जीप आजून ओढ्यापल्याड, आन् ही आमच्या वट्याखाली हजर. म्हणं कोंबडी हिकडं आली का बघाया. कोंबडी! चार वरसं झाली, माझा बिरदेव गेल्यापासनं ह्या बाईनं आमच्या घरचं पाणी तोंडाला लावलं न्हाई. बिरदेव ट्रकवर व्हता, कुरकुंभवरनं माल न्यायचा. एड्स झाला, गेला. सुनेला, अनिताला, त्याच्याकडनंच आला. ती शिरूरवरनं गोळ्या आणती, ठणठणीत हाय. नात धनश्री तपासली, तिला काय बी न्हाई. तरी शेजारीण कोंबडी हुडकती.

पावणे पाच जण. दौंडला मिशनचं नवं सेंटर निघालंय, तिथनं आलेत. पगार न्हाई, सोताच्या खुशीनं. आमच्यासारख्या घरात जायाचं, बसायचं, जेवायचं, हेच काम. सत्यजीत सर मोठे, हर्षदाताई नर्स. आमच्या निमोणे गावात पहिलं घर माझं! का न्हाई? सरांना म्हणलं, आमच्यात भेदभाव न्हाई. अनिताचं स्टीलचं ताट, पेला, कप दावला. जत्रेत उनात उभी राहून मी नाव घालून घेतलंय, 'अनिता'. बाकी समद्या भांड्यांवर आमच्या ह्यांचं नाव. कुठली सासू सुनेचं नाव घालती? सर म्हणलं, वा आजी!

मंगळवार, ४ फेब्रुवारी
पावणे जेवले. पिठलं, भाकरी, ठेचा. हर्षदाताई लई इचारती. सैपाक अनिताताई का करत न्हाईत? म्हणलं, तिला इसावा. कवापासनं? म्हणलं, चार वरसं. मग रोज लोकांच्या रानात कांदे काढाया कोण जातं, म्हणली. आता रान येगळं आन् चूल येगळी, हे शहरातल्या पोरीला काय कळावं? वर आनखी, त्यांची भांडी भाईर न्हाणीपाशी का? म्हणलं, तिथं ऊन येतं, सुकत्यात चांगली. पोरगी उठली, न्हाणीपाशी जाऊन भांडी बघून आली. तिच्या त्या बघण्याचाच राग आला मला.

बुधवार, ५ फेब्रुवारी
ठरलं. उद्या माझ्या वट्यावर समद्या बायकांना चहा. सर म्हणलं, आजी, बोलायचं तुम्हीच, तुमचं ऐकत्याल. एकेकीला अशी धुते! म्हशीला वैरण टाकताना म्हणून बघितलं, रोग शिवल्यानं होत न्हाई, उष्ट्यानं होत न्हाई, रोग हाय तो तुमच्या डोस्क्यात. म्हशीनं मान हलवली. अनिता हसली. लई दिसांनी.

गुरुवार, ६ फेब्रुवारी, सांजचं
आधी हे लिहून ठिवते की चूक माझी न्हाई.

अकरा बायका आल्या. तुळजाबाई बी. मी बोलले, दणकून बोलले. तुळजाबाईनं मान खाली घातली, कप उचलला आन् प्याली! चार वरसांनी! माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. तेवढ्यात कप कमी पडले म्हणून धनश्रीनं भाईरचा आणला आन् चहा वतून सरांच्या हातात दिला. सरांनी तोंडाकडं नेला आन् मी झडप घातली. हात आपसूक गेला. चहा सरांच्या शर्टावर. मी वराडले, अवो तो न्हाई, तो तिचा!

तुळजाबाई म्हणली, का वं कुशाबाई, उष्ट्यानं होत न्हाई म्हणत व्हता न्हवं आत्ताच? आन् कप खाली ठिवला. तिचं बघून बाकीच्यांनी बी ठिवले.

चहा कडक गरम व्हता, सरांना पोळंल म्हणून मी वढला. खरं हे हाय. पोळलं ते पोळलंच. धनश्रीला एक रपाटा दिला. अनितानं तो कप उचलला, राखंनं घासला, न्हाणीपाशी पालथा घातला.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी
डोस्कं पेटलंय. पावणे अनिताला दौंडच्या सेंटरवर सैपाकाचं काम देत्यात. मंगळवारीच इचारलं व्हतं म्हणं. तवा ही न्हाई म्हणली, आत्या एकट्या पडत्याल म्हणून. काल व्हय म्हणली. धनश्रीची शाळा बी तिकडंच. ह्याला सेवा म्हणत्यात? चार दिस माझी भाकरी खायाची आन् सून-नात घेऊन जायाची!

निश्चय केला. तिची भांडी आजच आत, माझ्या फळीवर. कप आणला. ठिवणार, तर वाटलं आधी फळी पुसावी. पुसली. मग वाटलं खाली कागद पायजे. कागद घावंना. कप परत भाईर ठिवला. उद्या नक्की.

शनिवार, ८ फेब्रुवारी
जीप सकाळीच आली. अनितानं कपड्यांची पिशवी घेतली, गोळ्या घेतल्या, पाया पडली. म्हणलं, भांडी ने की गं, तुझ्या नावाची हायेत. म्हणली, ऱ्हाऊ द्या आत्या, तिथं कुणाचीच येगळी न्हाईत.

धनश्रीनं जीपमधनं हात हलवला. रपाटा इसरली. पोरच ते.

दुपारी चहा केला. तिच्या कपात वतला. पिणारच व्हते. बघत बसले तवर निवला, म्हशीच्या आंबोणात टाकला. मग इटकरीनं कपावरचं नाव घासलं. बाकीचा कप चकाकला आन् नाव जास्तच दिसाया लागलं.

पावणे पुढल्या गुरवारी, तेरा तारखेला, परत चहाला येतो म्हणलेत. अनिताला संगं आणणार का, ते मी इचारलं न्हाई, त्यांनी सांगितलं न्हाई.