गोलमागची खुर्ची

फ्लॅट बुश, ऑकलंड
१६ सप्टेंबर २००७

ती. सुमतीताईस,

वासंतीचा वाकून नमस्कार. भावोजींचा खोकला गेला का? तुझे गुडघे काय म्हणतात? आम्ही दोघं बरे आहोत. माझं मन मात्र इथे रमत नाही. दिवाळीला पुण्यात पाऊल टाकीन तेव्हाच सुटले म्हणेन.

ब्रांकोबद्दल तुला लिहायचं राहिलं. (इराच्या फुटबॉल संघाचा मॅनेजर. घाबरू नकोस, साठीचा आहे.) माणूस क्रोएशियाचा. तिथल्या समुद्रकाठच्या एका गावाचा गोलकीपर होता. मामाच्या द्राक्षमळ्यात काम करायला म्हणून इथे आला आणि इथेही गोलच राखत बसला. गुडघा गेला तेव्हा मॅनेजर झाला. मग एकामागून एक चार क्लबांनी त्याला नारळ दिला. तो म्हणतो, गोलकीपरला स्वतः खाल्लेल्या गोलाची बोलणी बसतात, मॅनेजरला दुसऱ्यांनी खाल्लेल्या गोलांचीही. मला हे लगेच पटलं. मी घरातली थोरली सून होते.

आपली इरा गोलकीपर. दर शनिवारी परेश लेकीबरोबर आम्हालाही मैदानावर नेतो. हे गाडीत बसून पेपर वाचतात, मी गोलमागे खुर्ची टाकते. तिथून सगळं दिसतं, आणि दिसलं की माझ्याच्याने गप्प बसवत नाही. "इरा, डावीकडे बघ! अगं, ती लाल रिबनवाली आली!" इरा म्हणते, "आजी, स्टॉप इट." ब्रांकोने पहिल्या दिवशी माझी खुर्ची उचलून पार्किंगमध्ये ठेवली. मी परत आणली. पुढच्या शनिवारी त्याच्या लक्षात आलं की मी सांगते ते बरोबर असतं, आणि समोरच्या मुलींना त्यातलं अक्षर कळत नाही. मग डावीकडे, उजवीकडे, पुढे, धर हे शब्द त्याने शिकून घेतले. आता सगळा संघ मराठीत धावतो. (इराला तेवढं तोंड लपवावंसं वाटतं.)

काल शेवटची मॅच होती. जिंकला नाहीत तर पुढच्या वर्षी येऊ नका, असं कमिटीने ब्रांकोला सांगून ठेवलेलं. समोर हॅमिल्टनच्या मुली. आमचा एक गोल झाला. मी शंकरपाळ्यांचा डबा उघडला. तेवढ्यात, शेवटची शिट्टी व्हायच्या बेताला, त्यांना पेनल्टी मिळाली. मारायला एक उंच, सावळी मुलगी आली. मी तिची पावलं पाहिली आणि ओरडले, "इरा, उजवीकडे मारतेय गं!" ब्रांकोही ओरडला, "उजवीकडे!" ती मुलगी थांबली आणि माझ्याकडे बघून हसली. पलीकडून तिची आई म्हणाली, "काकू, आम्ही पण पुण्याचेच!"

कोथरूडची निघाली. मुलीचं नाव स्वानंदी. माझ्या हातातला डबा कलंडला. ब्रांकोला भाषांतर करून सांगायला वेळच नव्हता, पण त्याला कळलं असावं, कारण त्याने डोळे मिटले. स्वानंदीने अर्थातच डावीकडे मारला. आणि इराने तिकडेच उडी घेतली. बॉल तिच्या पोटाशी.

नंतर मी विचारलं, "तुला कसं गं कळलं?"

"आजी, आय नेव्हर लिसन टू यू."

ब्रांको माझ्याच खुर्चीत बसून रडत होता. म्हणाला, कुणाचं न ऐकणारी गोलकीपर पुढे मॅनेजर होते. मी म्हटलं, आणि चार ठिकाणी नारळ घेते. त्याला मात्र यंदाचा नारळ चुकला. उरलेल्या शंकरपाळ्या त्याने गवतातून वेचून खाल्ल्या.

भावोजींना नमस्कार. तब्येतीला जप.

तुझी
वासंती

ता. क. मराठीवर आता भिस्त ठेवता येत नाही. पुढच्या वर्षी स्वानंदीची आईही खुर्ची आणणार आहे. भावोजी मूळचे मालवणचे. डावीकडे, उजवीकडे, पुढे, धर, यांना मालवणीत काय म्हणतात ते त्यांना विचारून लगेच कळव. दोनचार शिव्याही चालतील. ब्रांको विचारत होता.

दुसरा ता. क. दिवाळीला येतेच. पण एप्रिलपासून पुन्हा मॅचेस, म्हणून मार्चची परतीची तिकिटं परेशला काढायला लावली आहेत. हे खुशीत सामान बांधतायत. त्यांना अजून सांगितलेलं नाही. भावोजींनी सांगावं. ते थोरले साडू आहेत, आणि लांब आहेत.