मेनूकार्डावर माझं नाव

२ नोव्हेंबर, रविवार
विहारातून परतताना भूषणच्या नव्या ब्रुअरीत डोकावलो. फक्त बघायला. माझाच विद्यार्थी, बारावीला केमिस्ट्रीत ३६. आता आदिलाबादेत स्वतः बिअर बनवून विकतो. मेनूकार्डाची पहिलीच ओळ: 'ज्वारी एल. संकल्पना: भूषण.'
ज्वारीला मोड आणून बिअरसाठी माल्ट करता येतं, हे त्याला वर्गात मी सांगितलं होतं. विचारलं, माझं नाव कुठे आहे? म्हणाला, "सर, तुमी तर पीतच नाई. न पिणाऱ्याचं नाव बिअरवर टाकलं तर लोकं काय म्हनतीन?" शेजारचं टेबल हसलं.
सूड घेणार.

संध्या. ७
पंचशील घेतलं त्याच दिवशी 'सूड' हा शब्द बरा नाही. 'दुरुस्ती' म्हणू.

४ नोव्हेंबर
योजना: घरी त्याच्यापेक्षा सरस ज्वारी एल बनवायची. गावातल्या जाणकारांना पाजायची. भूषण माफी मागत येईल, कार्डावर माझं नाव टाकेल. मी माफ करणार नाही. निदान मार्चपर्यंत.
पाचवं शील न पिण्याबद्दल आहे. बनवण्याबद्दल त्यात काही नाही. पुन्हा वाचलं. नाही.
बायकोला, भाग्यश्रीला, सांगितलं, प्रयोग आहे. खोटं नाही. कॉलेजचा आहे असं मी म्हणालो नव्हतो.

९ नोव्हेंबर
पाच किलो ज्वारी. मोड, वाळवण, भरड, उकळणं, गाळणं झालं. यीस्ट घातलं. पिंप मोरीत. तोंडाला मलमलीचा फडका बांधला, आई आंबिलीच्या मडक्याला बांधायची तसा. भूषणच्या टाक्यांना घट्ट झाकणं आहेत. दिखावा.

१६ नोव्हेंबर, रविवार
चव कोण घेणार? तोंडात घेऊन थुंकलं तर शील मोडतं का? विहारात विचारणार होतो. भन्तेजींचा चेहरा बघून राहिलं.
शेजारचे मोतीराम, महसूलचे निवृत्त कारकून, माझं वाक्य संपायच्या आत तयार झाले. "एका गिलासात समजत नाई सर." तिसऱ्या ग्लासानंतर म्हणाले, "लय ताकत हाय." आणि भूषणची? "थे पोरगं पानी विकून राह्यलं."
तटस्थ साक्षीदार. वाक्य जसंच्या तसं नोंदवलं.

२० नोव्हेंबर
आबकारी कचेरीत तक्रार दिली: मेनूकार्डावर खोटी माहिती. निनावी अर्ज भ्याड लोक करतात. मी पूर्ण नाव, पत्ता, मोबाईल दिला. भेटण्याची वेळ: पाचनंतर.
मत्सरातून तर करत नाही ना? दहा मिनिटं विचार केला. नाही.

२८ नोव्हेंबर
मोतीराम आठवडाभर फिरकले नाहीत. पोट बिघडलं म्हणे. कुठल्या तरी लग्नातलं जेवण असणार.

३ डिसेंबर, बुधवार
सव्वापाचला आबकारीचे इन्स्पेक्टर जबाब घ्यायला आले. वेळ पाळणारा माणूस. दारातच थांबले, वास घेतला, सरळ मोरीकडे गेले. "ये क्या है सार?" चौथं शील, खोटं न बोलण्याचं, आठवून सांगितलं, बिअर. "लायसन्स?" नाही म्हणालो. त्यांनी कोरा कागद काढला. नोकरी डोळ्यांपुढे आली.
भाग्यश्रीने मला न विचारता भूषणला फोन केला. दहा मिनिटांत हजर. फडका सोडला, बोट बुडवलं, चाखलं. "सार, इसमें दारू बचीच नहीं. सिरका है, व्हिनेगर." इन्स्पेक्टरांनीही चाखलं. डोळे मिटले, कागदाची घडी घातली. मेनूकार्डाचा विषय आमच्या खात्याचा नाही, एवढं सांगून गेले.
भूषण मला म्हणाला, "सर, हवा लागली का अल्कोहोलचं ॲसिड होते. त्याच प्रश्नात माझे चार मार्क कापले होते तुमी."
वाचवून अपमान करायची ही पद्धत. विसरणार नाही.
भाग्यश्री म्हणाली, "काऊन असं करून राह्यले तुमी? अन् आंघोळ कुठं करायची आमी, महिना झाला." तिला तत्त्वाचा मुद्दा कळत नाही.

५ डिसेंबर
पिंप भूषण उचलून घेऊन गेला. "फेकता कायले?" म्हणाला. पुरावा शत्रूच्या हाती. दुरुस्ती आता अधिक कठोर करावी लागेल.

१४ डिसेंबर, रविवार
विहारातून परतताना भूषणने हाक मारली. बसलो. उभं राहणं उद्धट दिसलं असतं.
नवं मेनूकार्ड. पहिली ओळ तीच: 'संकल्पना: भूषण.' शेवटची ओळ, पापड आणि शेंगदाण्यांच्या खाली: 'बाबाराव सर (एम.एस्सी.) यांचा सिरका-कांदा. बिअरसोबत फुकट.'
डिग्री बरोबर छापली आहे.
कोपऱ्यातून मोतीराम दुसरी प्लेट मागवत म्हणाले, "सर, हे मात्र जमलं तुमाले." पोट बरं दिसलं.
कांद्यात अल्कोहोल नसतं, म्हणून खाल्ला. दोन प्लेटी.
निघताना भूषणने विचारलं, पुढचं पिंप कधी देता? मी अजिबात नरमलो नाही. तोंडावर सांगितलं, सहा आठवडे लागतील, घाई केलेली चालणार नाही.