दादासाहेबांचा चेहरा

२ फेब्रुवारी, सकाळी ७.१०
संकल्प: आजपासून कोणावर ओरडायचं नाही. बीपीच्या डॉक्टरांची ताकीद आहे.

सकाळी ७.२५
ओरडलो. चहा कोमट होता. संकल्प उद्यापासून.

दुपारी २
दुकानात मीटिंग. कंपनीच्या मार्केटिंगवाल्या बाई आल्या होत्या. जेवढं त्यांचं वय, जवळजवळ तेवढा माझा अनुभव. म्हणाल्या, आपला मिक्सर माणूस असता तर कसा असता, कल्पना करा. समोरच्या काउंटरवर दुसऱ्या कंपनीचा माल विकणारा चिकट्या खिदळला. खिदळू दे मेल्याला. मी एकवीस वर्षं हा मिक्सर विकतोय, मला कल्पना कशाला करावी लागते? मनातल्या मनात त्याला दादासाहेबच म्हणतो. भारदस्त. मितभाषी. दणकट. घराचा आधार.
बाई म्हणाल्या, ग्राहक जे वर्णन करतील त्याला शोभेलसा खराखुरा माणूस जाहिरातीत घेणार. बोलताना माझ्याकडे बघितलं. माझ्या मागे घड्याळ होतं, पण ते वेगळं.

५ फेब्रुवारी
जाहिरातीत मीच. आहे कोण दुसरं? मिशीला कलप लावला. मेव्हण्याला फोन केला. म्हणाला, भाऊजी, तुम्ही आणि मिक्सर, आम्हाला वेगळं सांगायला नको. एकेकाची कौतुक करायची पद्धत असते.

९ फेब्रुवारी
एक बाई मिक्सर परत घेऊन आल्या. म्हणे भांडं गळतं. विचारलं, भरता किती त्यात? चांगलं सुनावलं, मशीन कधी चुकत नाही, वापरणारा चुकतो. रडवेल्या होऊन गेल्या. शेठ म्हणाले, जरा गोड बोलत जा. हे काय मिठाईचं दुकान आहे?

११ फेब्रुवारी
मार्केटिंगवाल्या बाईंचा फोन. उद्याच्या ग्राहक-बैठकीला आठ गृहिणी हव्यात, एक आजारी पडली. दहा वर्षं आपला मिक्सर वापरणारं कोणी आहे का? माझं डोकं म्हणजे डोकं! बायकोचं नाव दिलं, नातं सांगितलं नाही. तिच्याकडून चार शब्द पाठ करून घेतले: भारदस्त, मितभाषी, दणकट, आधार. दर वेळी आधार विसरते. बिचारी कधी चारचौघांत बोललेली नाही.

१२ फेब्रुवारी, सकाळी ११.०५
कंपनीच्या ऑफिसात, मलाही बोलावलं होतं. मी काचेआड. आम्हाला त्या दिसतात, त्यांना आम्ही नाही. शेजारी मार्केटिंगवाल्या बाई आणि कंपनीचे दोन साहेब. बायको गप्प. घाबरली असणार.

११.२०
तोंड उघडलं.

११.५५
अजून बोलतेय!

दुपारी ३
आठवेल तसं लिहून ठेवतो. म्हणाली, हा माणूस पन्नाशीचा. आल्या आल्या घर दणाणून सोडतो. काम दोन मिनिटांचं, आवाज गल्लीभर. लगेच तापतो, मग सगळ्यांनी हातातलं सोडून तो गार व्हायची वाट बघायची. बिघडलं तर चूक आपली. पाहुण्यांसमोर मात्र चकचकीत. बाकीच्या साती जणी माना डोलवत होत्या, एकीने डोळे पुसले. बैठक घेणाऱ्या मुलीने विचारलं, मग अजून का ठेवलाय? बायको म्हणाली, सवय झाली. पण पुन्हा निवडायची वेळ आली तर दुकानाच्या पायरीवरूनच परत फिरेन.
साहेबांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बिचाऱ्या मुक्या मशीनबद्दल इतकं वाईट? घरी येऊन फैलावर घेतलं. ती हसली. उद्धट.

१६ फेब्रुवारी
निवड झाली! मीच! मार्केटिंगवाल्या बाई म्हणाल्या, वर्णन ऐकता ऐकताच साहेबांची नजर तुमच्यावर पडली, दुसरा माणूस शोधायची गरजच उरली नाही. लगेच फोटो. हाताची घडी, कपाळाला आठ्या. फोटोग्राफर म्हणाला, इतक्या झटपट कोणी आठ्या घालत नाही. चिकट्याकडे बघून मुद्दाम खाकरलो.

२३ फेब्रुवारी, सकाळी १०.३०
पोस्टर लागलं. दुकानाच्या दारातच, सहा फुटी. खाली लिहिलंय: असला एखादा तुमच्याही घरी आहे? आणून द्या, नवं शांत मॉडेल घेऊन जा!
जुनं मॉडेल बंद. पोस्टरभोवती बायकांची ही गर्दी. ती गळक्या भांड्याची बाईही होती, फार खूश दिसली. चिकट्या सेल्फी काढतोय. काढू दे. प्रसिद्धी ती प्रसिद्धी.

संध्याकाळी ७
बायकोला बोललो. दादासाहेब गेले, तुझ्या जिभेने गेले. इतकी वर्षं तुझ्यासाठी राबले, त्याचे हेच पांग फेडलेस?
ती भाजी निवडत होती. म्हणाली, कोण, आपला मिक्सर? तो सहा वर्षांपूर्वीच जळला. तुम्ही ट्रेनिंगला गेला होतात तेव्हा तुमच्या त्या समोरच्या माणसाकडून दुसरा आणला. लपवला नव्हता हो, ओट्यावरच आहे. तुम्ही कधी आत आला नाहीत.
म्हणजे त्या दिवशी बैठकीत ती मिक्सरबद्दल बोलत नव्हती.
आत गेलो. दिव्याचं बटण सापडेना. सापडलं. ओट्यावर निळा मिक्सर. लावून बघितला. आवाज जवळजवळ नाहीच. बाहेर ती मेव्हण्याशी फोनवर बोलत होती. पोस्टरचं सांगत होती, आणि हसत होती. शब्द न् शब्द ऐकू आला.