‘महेरबानी’ काढून टाकली

आप्पा, तुमच्याशी भांडायचं आहे म्हणून लिहायला बसले. तुम्ही होतात तेव्हा धीर झाला नाही, आणि गेलात तेव्हा भांडावं असं माझं स्वतःचं काही नव्हतं. आता आहे. मी एक प्रोग्रॅम तयार केलाय. एम्ब्रॉयडरीचं डिझाइन त्यात टाकलं की साडीला कोणत्या रंगाचा किती धागा लागेल ते तो सांगतो. कडोदऱ्यापासून इच्छापोरपर्यंत बऱ्याच कारखान्यांत तो चालतो. त्याला मी कुलूप लावलेलं नाही. कोणीही घ्यावा, वापरून बघावा, दुसऱ्याला द्यावा. फक्त महिनाभर वापरून झाला की उघडताना आधी एक चौकट येते, गुजरातीत : हे काम एका बाईने घरी बसून केलंय, तुम्हाला उपयोगी पडत असेल तर महेरबानी करीने पैसा भरशो. खाली पैसे भरायचा कोड. चौकट बंद केली तरी काम अडत नाही. बहुतेक जण बंदच करतात.

तुम्ही तेच करायचात, चौकटीशिवाय. नवागामची आपली खोली आठवते. रविवारी तुम्हाला लूमच्या कारखान्यात सुट्टी, पण दारात कोणाचं ना कोणाचं मशीन उघडून ठेवलेलं. त्या दिवशी समोर काका बसलेत, तुमच्या हाताखाली शिकलेले. जुनं एम्ब्रॉयडरी मशीन विकत घेतलंय, चालत नाही. तुम्ही कितीतरी रविवार त्यावर घातलेत आणि आज ते चालू झालंय. काका विचारतात, “कितला दिऊ, मास्तर?” तुम्ही चिंधीला हात पुसत म्हणता, “तुले समजी ते दे.” स्टोव्हजवळून माय पुटपुटते, “त्याले काय समजस!” आणि मी, नववीतली, पाटावर भाजी निवडत असलेली, चक्क एक रक्कम बोलून टाकते. काका हसतात, पोर हुशार आहे म्हणतात आणि पापडीचा पुडा ठेवून जातात. मग तुम्ही माझ्याकडे वळता. ओरडत नाही. “हात पसराले कोनी शिकाडं तुले?” एवढंच. ती पापडी मी खाल्ली नाही. मायनेही नाही. तुम्ही एकट्याने चहाबरोबर खाल्लीत, आवडीने, आणि मला त्याचाच जास्त राग आला.

काकांचा आता कडोदऱ्याला मोठा कारखाना आहे. माझा प्रोग्रॅम त्यांच्याकडे पहिल्या दिवसापासून आहे. परवा त्यांचा फोन आला. म्हणाले, “बेटा, तुनी ती चिठ्ठी काढी टाक. रोज सकाय उघडं का तीच. कारागीर हसतस.” मी म्हटलं, पैसे भरले की आपोआप जाते, काका. तर ते म्हणाले, “मास्तरनी पोर ना तू? मास्तरनी कधी तोंड उघडीसन पैसा मांगा नही.”

बघा आप्पा. तुमचा चांगुलपणा त्यांनी जपून ठेवला होता, माझं तोंड बंद करायला.

मी म्हटलं, “आप्पानी मांगं नही, म्हनीसन तुम्ही दिनं नही. मी मांगस.”

फोन तिकडून बंद झाला. मी लगेच प्रोग्रॅम उघडला आणि चौकटीतला तो एक शब्द काढून टाकला. मुलगी मागून वाचत होती. ती गुजराती शाळेत शिकलेली, मला समजावायला लागली, “मम्मी, महेरबानी म्हणजे नुसतं प्लीज असतं गं. मेहरबानी नाही.” मला माहीत आहे. चाळीस वर्षं या गुजराती शहरात काढली. पण माझ्या कानाला तो शब्द मराठीतच ऐकू येतो, आणि कोणाची मेहरबानी मला नको आहे. माझे डोळे गेलेत त्या कामात. ज्याचा धागा वाचतो त्याने पैसे द्यावेत, एवढं सरळ आहे. आता तिथे नुसतं ‘पैसा भरशो’ आहे. ती म्हणाली, उद्धट वाटतं. वाटू दे.

आप्पा, तुम्हाला मागण्यात आणि हात पसरण्यात फरक दिसला नाही. तुम्ही लोकांवर विश्वास टाकलात असं सगळे म्हणतात. मला वाटतं तुम्ही त्यांना सोपं करून दिलंत, आणि अवघड ते, घर चालवायचं, मायकडे ठेवलंत. मी विश्वासही टाकते आणि सांगतेही. दोन्ही एकदम करता येतं. तुम्ही असतात तर तुम्हाला बसवून दाखवलं असतं.

काकांनी पैसे अजून भरलेले नाहीत. नवी चौकट त्यांच्याकडे पोचली असेल.

हे कुठे पाठवायचं नाहीच आहे, म्हणून सांगून टाकते. काकांना एवढं ठणकावून बोलले ना, ते सगळं उभी राहून बोलले. त्यांचा आवाज आला आणि मी खुर्चीवरून उठले. तुम्ही गेलात तेव्हा जेवढे होतात, तेवढ्या वयाचे ते आता आहेत. फोन संपेपर्यंत मला खाली बसता आलं नाही.